पूल कोणी मागावा?

जुने गोवे येथील धक्क्यावरून मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जाण्यास फेरीबोटीला काही मिनिटेच लागतात. भाड्याची स्कूटर सोबत नेता येते. बेटावर दोन्ही अंगांस खाजन शेती, खारे पाणी अडविणारे बांध, कौलारू घरे आणि पियेदादच्या टेकडीवरील चर्च. कोकण रेल्वेचे रूळ बेटावरून जातात, पण गाडी तेथे थांबत नाही. निवृत्तीनंतर आम्ही या बेटावर मनसोक्त हिंडलो आणि मनात इच्छा उमटली, की येथे रस्त्याचा पूल कधी होऊच नये.

ही इच्छा निर्मळ वाटते, म्हणूनच ती पारखून घ्यावी. शांततेचेही मोल असते आणि ते कोणीतरी चुकते करीत असते. ज्या नदीमुळे आम्हांस निवांतपणा लाभतो, तिच्याच काठी बेटावरील आजाऱ्यास बोटीची वाट पाहावी लागते. आम्ही सायंकाळी परततो. गैरसोय तेथेच मुक्कामाला असते. दुसऱ्याच्या अडचणीवर पोसलेल्या सुखास निसर्गप्रेम म्हणावे काय?

उलट पक्षही दुबळा नाही. पुलावरून रुग्णवाहिका येते, तसे जमिनीचे दलालही येतात. पण हा हिशेब मांडायचा कोणी? बाहेरच्यांनी ठरवावे आणि बेटाने सोसावे, हे दिवाडीने पूर्वीच अनुभवले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी येथील सप्तकोटेश्वराचे देवालय पाडले. देव नदीपार नार्वे येथे गेला. तेथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. पाडणाऱ्याचा हेतू आणि आमचा हेतू यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे खरे. तथापि रहिवाशांस न विचारण्याची सवय मात्र एकच.

आपल्या अफझलगंजकडेच पाहू. पाचवे निजाम अफझलुद्दौला (१८५७ ते १८६९) यांच्या नावाची ही पेठ मुशीकाठी नया पुलाच्या तोंडाशी वसली आहे. १९०८ च्या महापुराने नदीचा कोप दाखविला, तरी पुलावाचून या पेठेची कल्पनाही आपणांस करवत नाही. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या याच वर्दळीत नांदली. आपल्याला पूल हवा आणि दुसऱ्याच्या वाट्याला मात्र नुसती नदी यावी, हा न्याय नव्हे.

शासकीय सेवेत आम्ही एक गोष्ट शिकलो. निर्णयाचा भार ज्याच्या शिरी पडणार, त्याचा अभिप्राय फाइलीत सर्वांत आधी असावा. दिवाडीकरांनी पूल मागितला तर आपण हळहळू नये. नाकारला तर त्याचे श्रेय आपल्या रसिकतेस देऊ नये. भाड्याच्या स्कूटरची काळी पाटी आणि तीवरील पिवळी अक्षरे आपण पाहुणे असल्याचे सांगतच असतात. पाहुण्याने वेग आवरावा, भोंगा वाजवू नये, पंगतीची स्तुती करावी. घराला दार कोठे असावे, हे मात्र घरच्यांनीच ठरवावे.