जोडलेले हात

शाळेच्या मैदानावरून प्रार्थनेचे सूर आले की जवळा बाजार गावात दिवस उजाडला म्हणायचं. मुलं रांगेत, डोळे मिटलेले. एखादं पोरगं हळूच एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे बघतं. समोर गुरुजींचेही हात जोडलेले.

नाशिकच्या एका शिक्षकांनी अशाच प्रार्थनेत हात जोडले नाहीत. शांतपणे उभे राहिले, एवढंच. तेवढ्यावरून बेशिस्तीचा ठपका आला, वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. ते न्यायालयात गेले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही.

मी देव मानणारा माणूस. औंढ्याच्या नागनाथापुढे गेलो की माझे हात आपसूक जुळतात. म्हणूनच वेतनश्रेणीच्या धाकानं जुळलेल्या हातांना मी नमस्कार म्हणू शकत नाही.

आपल्या राज्यघटनेनं देवाचं नाव घेण्याची सक्ती कुठल्याच आमदार-मंत्र्यावर ठेवलेली नाही. शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष’ म्हणा किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणा, खुर्ची तीच, जबाबदारी तीच. ऑक्टोबर १९४९ मध्ये ह. वि. कामतांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती सुचवली होती. घटना समितीत मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली. श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या सरनाम्यातच श्रद्धा लादायची कशी, हा हृदयनाथ कुंझरूंचा सवाल होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

आणि आपल्या औंढ्याची गोष्ट तर घराघरात ठाऊक आहे. पिंडीवर पाय टाकून पडलेले विसोबा खेचर पाहून नामदेव कळवळले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. तशी जागा काही नामदेवांना सापडली नाही. पायांवरून ज्याला नास्तिक ठरवलं, तोच गुरू निघाला.

रोजच्या कारभारातही तेच. फेरफारासाठी तलाठ्याकडे चकरा मारणाऱ्या शेतकऱ्याला तलाठ्याच्या देवघराशी काय देणंघेणं? त्याची नोंद वेळेवर आणि चिरीमिरी न देता व्हावी, एवढंच त्याचं मागणं असतं.

तुमच्या गावच्या शाळेत उद्या प्रार्थनेला कुणी गुरुजी हात न जोडता उभे दिसले, तर तक्रारीचा अर्ज लिहू नका. त्यांच्या वर्गातल्या पोराला जवळ बोलावून एक धडा वाचायला सांगा.