हट्ट आणि निष्ठा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरनार चढत होतो. अंबामाता मागे टाकली आणि गोरक्षशिखराच्या वाटेवर छाती धडधडायला लागली. बरोबरचा पुतण्या म्हणाला, "काका, मन घट्ट करा, महाराज नेतील वर!" शेजारून उतरणारा डोलीवाला म्हणाला, "बसा जरा." दोघांपैकी ऐकायचं कुणाचं?

शाळेत शिकलेली किपलिंगची 'इफ' ही कविता आठवली. किपलिंग १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मला. १९१० साली छापलेल्या या कवितेत बाप मुलाला सांगतो की हृदय, नसा, स्नायू संपले तरी केवळ इच्छेच्या बळावर त्यांना राबव. चिकाटी म्हणजे हेच, असं आम्ही समजून चाललो होतो.

पण वाचकहो, देहाची रचना वेगळंच सांगते. हातपाय आपल्या इच्छेनं हलतात, हृदय नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, ठोका तिथून निघतो. नसा फक्त वेग कमीजास्त करतात. हृदयरोपणात त्या नसा तुटतात, तरी नवं हृदय चालतंच. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात, त्यातला एकही आपण टाकलेला नसतो. मग 'मी चढतो' यातला 'मी' किती?

इच्छेनं पाय पुढे रेटता येतात, हृदयाला मात्र मुकाट्यानं मागून यावं लागतं. नाही झेपलं तर ते दुखून सांगतं. आपल्या हाती दोरी एकच, ती श्वासाची. श्वास सावकाश सोडला की ठोके थोडे मंदावतात. आपल्याकडे नाम श्वासावर घ्यायला सांगतात, ते मला त्या पायरीवर बसल्यावर कळलं.

किपलिंगच्या मुलाची नजर अधू होती म्हणून सैन्यानं त्याला नाकारलं होतं. बापानं ओळख लावून त्याला भरती करवलं. १९१५ साली लूसच्या लढाईत तो गेला, नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. देह 'नाही' म्हणत असताना रेटायचं, याची किंमत कधी कधी दुसराच भरतो.

म्हणजे चिकाटी सोडायची का? मुळीच नाही. अवधूतांनी चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी धरली. लोक तुडवतात, ती सोसते, आपला मार्ग सोडत नाही. पण तिला घाई नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. हट्ट म्हणतो, "आजच, आणि मीच." निष्ठा म्हणते, "उद्याही चालेन, तू नेशील तसं."

मी तिथूनच परत फिरलो. पादुकांचं दर्शन राहिलं, त्याची खंत आहे, खोटं का बोलू? खाली आल्यावर तपासणी झाली, औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली तर यंदा अंबामातेपर्यंत रोपवेनं जाईन, पुढच्या पायऱ्या बसत बसत. नाही दिली, तर घरच्या देव्हाऱ्यापुढे बसेन. श्वास तिथेही आहे, आणि तो चालवणाराही.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!