छायाचित्राचे मूळ आणि त्याचे उत्तरदायित्व

माथेरानची वाट जांभ्याच्या मातीची, म्हणून लाल आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आला आणि पुढच्याच वर्षी छायाचित्रणात कलोडियनची ओली काच आली. त्या काचेवरील चांदीच्या क्षारांना निळा प्रकाश कळे, लाल कळत नसे. साहजिकच अशा काचेवर ही वाट जवळजवळ काळी आणि वरचे आकाश कोरे पांढरे उमटणे अटळ होते. सर्व रंगांची जाण असलेल्या काचा विक्रीस आल्या त्या १९०६ मध्ये, म्हणजे नेरळची छोटी गाडी वर पोहोचण्याच्या आदल्या वर्षी. फिल्मचा कॅमेरा 'जसे आहे तसे' टिपत होता आणि डिजिटल कॅमेऱ्याने त्या निष्ठेचा भंग केला, असे म्हणणाऱ्यांनी ही काळी वाट विसरता कामा नये.

या मताला सैद्धान्तिक आधार नाही असे नव्हे. पर्सच्या चिन्हमीमांसेत छायाचित्राला वस्तूशी कार्यकारणाने जोडलेले निर्देशक चिन्ह मानण्यास जागा आहे. रोलाँ बार्थने १९८० मध्ये 'हे होते' या खात्रीतच छायाचित्राचे सार पाहिले. परंतु कार्यकारणाचा हा धागा डिजिटल कॅमेऱ्यात तुटतो, हे म्हणणे तपासून घ्यावे लागते. फिल्मवर प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. ही सुप्त प्रतिमा रसायनाने दृश्य होते. सिलिकॉनच्या संवेदकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांचा भार मोजून आकडे बनतात. प्रकाशाचा स्पर्श दोन्हीकडे सारखाच खरा आहे. उलट, जुन्या काचेला लाल दिसत नसे, तर सिलिकॉनला लालच्या पलीकडचे अवरक्तही दिसते. ते गाळणारी काच संवेदकापुढे बसवली नाही, तर माथेरानची गर्द झाडी फिकट, विटकी दिसेल. शिवाय संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. ही रचना ब्राइस बायरची, १९७६ च्या पेटंटमधली.

म्हणजे संस्कार दोन्हीकडे आहेत. नैतिक भेद आहे तो निर्णय कुठे झाला आणि त्याचा जाब कोणाला विचारता येतो, यात. पॅनोरमा पॉइंटवर धुके दाटले की प्रकाशमापक त्या पांढऱ्याला करडे समजून चुकतो. फिल्मवाला छायाचित्रकार प्रकाश वाढवून ती चूक सुधारी. तो निर्णय त्याचा असे आणि निगेटिव्ह त्याची साक्ष म्हणून उरे. आजचे अनेक मोबाइल एकामागून एक घेतलेल्या चौकटींचे मिश्रण करतात, धुक्यातला डोंगर उठावदार करतात आणि मगच चित्र पुढे ठेवतात. बटण दाबणाऱ्याने यातले काहीच ठरवलेले नसते. मूळ म्हणून दाखवावे असे एक काहीही बहुधा उरत नाही.

साहित्यसमीक्षेत संहितेचे मूळ शोधणाऱ्यांना हा पेच परिचित आहे. न्यायालयाला मात्र तो टाळता येत नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, याचा पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण पुढे आले. त्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्वाळा दिला: मूळ उपकरणच हजर केले तर गोष्ट वेगळी, प्रत दाखवायची तर जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र हवे. (ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करूनही मिळाले नाही, म्हणून येथे सवलत दिली गेली.) कायद्याने येथे यंत्राच्या निर्विकारतेवर विश्वास ठेवलेला नाही, त्याने नावानिशी माणूस मागितला. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा; त्यांत फाइलची हॅश-संख्याही नोंदवायची असते. ती संख्या घेतल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढे तिच्यावरून सिद्ध होते. चौकटी मिसळल्या गेल्या, डोंगर उठावदार झाला, ते सारे त्याआधीचे असते, आणि तेथे कोणाचीच सही नसते.