नव्या लॅपटॉपची पहिली संध्याकाळ

रत्नागिरी

चि. मुक्तास
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप आल्याचं काल फोनवर सांगताना तुझा आवाज किती खुलला होता! प्रोजेक्ट, गाणी, सिनेमे सगळं होईल; त्याची पहिली संध्याकाळ मात्र मी सांगते तशी घालव.

सुरू केल्या केल्या विंडोज 11 खातं मागेल. ते स्वतःच्याच ईमेलने उघड. दुकानातला मुलगा ‘मी करून देतो, ताई’ म्हणाला तरी हे काम त्याच्यावर सोपवू नकोस. माझा मागचा लॅपटॉप असाच कुणाच्या तरी खात्यावर सुरू झाला होता. तीन वर्षांनी मदरबोर्ड बदलावा लागला आणि पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागणारी निळी पाटी आली. हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि त्याची किल्ली त्या पहिल्या खात्यात जाऊन बसते. मला हे ठाऊकच नव्हतं. डिस्क धडधाकट होती, पण उघडेना. तुझ्या आजीच्या आवाजातल्या श्रावणातल्या कहाण्या तिच्यात होत्या, आणि त्या पुन्हा सांगायला आजी आता नाही.

म्हणून आजच मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की शोध आणि कागदावर उतरव. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, दोनदा ताडून बघ. माऊस, बॅग यांच्या आधी एक बाहेरची हार्ड डिस्क हवी. दर रविवारी सगळं तिच्यावर उतरवायचं आणि ती काढून कपाटात ठेवायची. लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली तर दोन्ही एकदमच चोरीला जातील.

मग मराठी. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोड. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. फोनेटिक कीबोर्ड सोपा वाटेल, तरी तू इनस्क्रिप्टच शीक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची मांडणी आहे. के दाबलं की क, जे दाबलं की र, आणि शिफ्टसह जे दाबलं की ऱ. कोकणातल्या मुलीने ‘दऱ्या’ लिहायला जावं आणि ‘दर्या’ उमटावा, हे मला खपणार नाही! पंधरा दिवस बोटं अडखळतील, चिडचिड होईल. पण पुढे गुजराती किंवा कानडी लिहायची वेळ आली, तर क त्याच जागी सापडेल.

होस्टेलच्या गादीवर लॅपटॉप ठेवू नकोस. हवा आत घेण्याच्या फटी बहुधा खालीच असतात, त्या बुजतात. चार्जरची पिन तीन पायांची असेल तर तिला दोन पायांचा जोड लावू नकोस, अर्थिंग तुटतं. धातूच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वॉर्डनना सांगून प्लग तपासून घे. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असली, तर ती चालू कर. तासन्‌तास लिहायचं असेल तेव्हा लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढव आणि वेगळा कीबोर्ड जोड, मान वाकणार नाही. स्टँडला पैसे घालवायची घाई नको.

तुझे बाबा शनिवारी पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर हार्ड डिस्क आणि माझा जुना कीबोर्ड पाठवते आहे. रिकव्हरी की लिहिलेला कागद पाकिटात घालून त्यांच्याच हाती परत दे. तुझ्या आईच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली तो राहील.

तुझी,
मावशी