साक्षीदाराची सही



आपण काय करावे, असे शिपायांनी संत योहान बाप्तिस्ताला विचारले (लूक ३:१४). त्याने नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, असे बजावले. म्हणजे गणवेश पाप नव्हे; पण गणवेशालाही जाब आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात हाच जाब नियमांत बांधला: नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, आणि अटकेच्या कागदावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही.

ती व्यक्ती आपणच. वाशीमच्या एखाद्या वस्तीत गरीब शेजाऱ्याच्या दारी पोलीसगाडी थांबली, तर दार लावून प्रार्थना करणे पुरेसे नाही. जाऊ या, अटकेची तारीख-वेळ वाचून मगच सही करू या.