खटक्याचा आवाज कोणासाठी?

माणसाकडून माणसाला होणाऱ्या उपद्रवांपैकी मोठ्यांची दखल कायदा घेतो. लहानांची दखल घेण्याचे काम ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेले असते. आवाजाचेच उदाहरण घ्यावे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. ध्वनिक्षेपकासाठी ती ठीक आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरात तान्हे मूल नुकतेच निजले असता कोणी रात्रपाळीचे काम घेऊन संगणकाच्या कळा बडवीत बसला, तर त्याची फिर्याद कोणी व कोठे न्यावयाची? यास्तव कळफलक कोणता घ्यावा हा दिसावयास क्षुल्लक असलेला प्रश्न काही अंशी नीतीचाही प्रश्न ठरतो.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असतो. त्यात एक दट्ट्या, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूस धातूची पातळ पाती. बोटाने कळ दाबली की दट्ट्या खाली सरकतो, पाती जुळते आणि अक्षर उमटते. चेरी या जर्मन कंपनीच्या प्रसिद्ध ‘एम. एक्स. लाल’ खटक्यात कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते. अक्षराची नोंद मात्र २ मिलिमीटरवरच होऊन जाते. उरलेले अंतर बोट केवळ भरात कापते, दट्ट्या तळावर आदळतो, आणि परत उसळताना वरच्या झाकणावर पुन्हा आपटतो. म्हणजे ज्याला आपण कामाचा आवाज समजतो, तो बहुतांशी काम पुरे झाल्यानंतरचा असतो.

यावर कोणी म्हणेल की, आवाजावाचून कोणते काम होते? हा आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. जुन्या टंकलेखन यंत्रात अक्षराचा खिळा कागदावर आपटल्याखेरीज अक्षरच उमटत नसे. आय. बी. एम. कंपनीच्या १९८५ सालच्या ‘मॉडेल एम’ कळफलकात स्प्रिंग वाकून ठणका देते त्याच क्षणी अक्षराची नोंद होते; तेथे नाद आणि कार्य एकजीव आहेत. लोहाराच्या घणाला कोणी हळू बोल म्हणत नाही. अशा अपरिहार्य आवाजाविषयी शेजाऱ्यानेच सहिष्णुता दाखवावी, हे न्याय्य होय. पण जो आवाज टाळूनही काम तितकेच होते, त्याला ही सवलत मागता येत नाही.

चेरीचाच निळा खटका पाहावा. त्यातील टकटक मुद्दाम योजलेली आहे. तिच्यासाठी दट्ट्याचे दोन भाग करून एक सैल ठेवलेला असतो. ही टकटक आवडणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. अक्षर उमटल्याची ग्वाही कानाला मिळाली की हाताला लय सापडते, हा अनुभव खरा आहे. परंतु तीच ग्वाही तपकिरी खटका बोटाला एका हलक्या उंचवट्याने देतो. बोटाला दिलेली खूण लिहिणाऱ्यापुरती राहते. कानाला दिलेली साऱ्या घराला ऐकावी लागते. आणि मनाशी प्रामाणिक राहून पाहिले, तर आपण काम करीत आहोत हे इतरांना कळावे अशी एक सूक्ष्म इच्छाही त्या खटखटीत कधीकधी लपलेली आढळते.

येथे एका सामान्य भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे. कमी उंचीचा, ठेंगणा खटका घेतला की कळफलक आपोआप शांत होतो, असे पुष्कळांना वाटते. चेरीने २०१८ साली आणलेल्या ठेंगण्या लाल खटक्यात कळीचा प्रवास ३.२ मिलिमीटर असून नोंद १.२ मिलिमीटरवर होते. वजाबाकी करावी: नोंदीनंतरचे अंतर पूर्वीइतकेच, २ मिलिमीटर, उरते! उंची घटली, आदळणे राहिले. ठेंगण्या खटक्यांतही मुद्दाम टकटकणारे प्रकार मिळतातच. कळफलकाची उंची कमी झाल्याने मनगट फार उचलावे लागत नाही, हा त्याचा खरा लाभ; आणि तो लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे. शेजाऱ्याचा लाभ पाहावयाचा तर दट्ट्याला वर व खाली मऊ रबरी गादी बसविलेला खटका निवडावा लागतो. दोन्ही गुण एकत्र हवे असल्यास ते दोन्ही स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. बाहेरचा नम्रपणा आणि आतला संयम यांची गल्लत माणसे पारखतानाही होते, ती येथेही होते.

गादीच्या खटक्याची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते, हेही खरे. त्याचा स्पर्श किंचित बोथट वाटतो. कळ तळाला टेकल्याचा लख्ख प्रत्यय येत नाही. ज्याला रोज आठ-दहा तास लिहावयाचे आहे त्याच्यासाठी हा त्याग अगदीच लहान नव्हे. तथापि दोन पारड्यांत काय आहे ते पाहावे. एकीकडे आपल्या बोटांचे थोडे सुख, दुसरीकडे ज्याने तक्रारही केलेली नाही अशा माणसाची झोप. बहुधा तो तक्रार करणारही नाही. घरातली माणसे अशा गोष्टी बोलून दाखवीत नाहीत, कूस बदलून पडून राहतात. म्हणून त्यांच्या वतीने विचार करण्याचे काम आपल्याकडेच येते, आणि ते कळफलक घेण्यापूर्वी, दुकानातच करावयाचे असते.