झिलई

मोटार धुऊन पुसली तरी तकाकी येईना, की दोन उपाय उरतात. पहिला मेणाचा. ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरचे मेण चोळले, की बारीक ओरखडे बुजतात. काही पावसांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. दुसरा पॉलिशचा. त्यातले कण रंगावरचा पारदर्शक थर किंचित झिजवून सपाट करतात. ओरखडे खरोखरच जातात.

माणसाचे याहून निराळे आहे, असे मला वाटत नाही. शिष्टाचाराची क्षमायाचना हे मेण. पश्चात्तापात मात्र स्वतःचे काहीतरी झिजते. मेणाला मी ढोंग म्हणणार नाही. उन्हापावसात तेच रंग राखते. पण त्याने ओरखडा गेला, असे मानू नये. झिजल्यावाचून उजळता येत नाही, आणि झिजवायला प्रत्येकाजवळ थर बेताचाच असतो.